परतीचा रकाना

बुधवार, ६

आधी चूक दुरुस्त करते. सोमवारच्या पानावर मी लिहिलं आहे की शिंपीगल्ली मोजली, जाताना २१२ कड्या, येताना २१२. हे खोटं आहे. जाताना मोजली. येताना मोजली नाही. नवी चप्पल चावत होती, टाचेला फोड आला होता, आणि सोबतचा कारकून म्हणाला, "ताई, परतीचं काय मोजायचं? गल्ली तीच आहे ना? चला, चहा घेऊ." मी त्याच्यावर ढकलत नाही. वही माझ्या हातात होती. मी जातानाचा आकडा परतीच्या रकान्यात उतरवला आणि सही केली. तेच नंतर या खासगी वहीतही लिहिलं, जिथे मला विचारणारं कोणी नव्हतं. कार्यालयाशी खोटं बोललं तर पोटासाठी म्हणता येतं. इथे कोणासाठी बोलले?

मोजणी कार्यालयात लागून मला तीन महिने झाले. नियम एवढाच, की प्रत्येक रस्ता साखळीने दोनदा मोजायचा, जाताना आणि येताना. आमच्या साखळीची कडी हातभर लांब असते. हा नियम मला कार्यालयाने नाही, आत्याने शिकवला. आई-वडिलांमागे तिनेच मला वाढवलं, आणि नऊ वर्षांची होईपर्यंत शाळेत न घालता घरीच शिकवलं, तिच्या जुन्या मोजणीवह्यांवरून. ती याच कार्यालयात मोजणीदार होती. मी बाराखडीच्या आधी रकाने आखायला शिकले. "गेलीस तशी परत ये, मग लिही," हे तिचं वाक्य मी झोपेतही म्हणेन.

म्हणून आज जेवणाच्या सुट्टीत एकटीच गेले. साखळीचं मागचं टोक खिळ्याने रोवलं आणि खालच्या टोकाकडून वर मोजत आले. १९८. परत खाली गेले, पुन्हा आले. १९८. तिसऱ्यांदाही तेच.

चौदा कड्या कुठे गेल्या ते सांगते. वरून उतरताना आधी कुलूपवाल्याचं दुकान लागतं, मग शिंपीमास्तरांचं, मग आत्याचं घर, मग भांडीवाला. खालून चढताना भांडीवाला लागतो, आणि त्याच्या भिंतीला भिंत लावून कुलूपवाला. मध्ये फट नाही, मोकळी जागा नाही. भांडीवाल्याच्या गिलाव्याला गेलेली चीर थेट कुलूपवाल्याच्या भिंतीवर पुढे चालू राहते. मी त्या चिरेवरून बोट फिरवलं.

ज्या घरात मी वाढले ते खालून येताना नाही. आता आठवून पाहते, तर आत्या मला कधीच खालच्या बाजूने घरी घेऊन आली नव्हती. बाजार खाली होता, तरी आम्ही वळसा घालून वरून यायचो. मला वाटायचं, तिला चालायची हौस आहे.

गुरुवार, ७

कारकुनाला सांगितलं. त्याला मी मनात होयबा म्हणते, कारण नऊ वर्षांच्या नोकरीत त्याने कोणाला नाही म्हटल्याचं ऐकिवात नाही. तो म्हणाला, "असेल ताई. चप्पल बरी झाली का?"

"चौदा कड्यांचा फरक आहे."

"हो, असेल."

"तुम्हाला त्याचं काहीच वाटत नाही?"

"वाटतं ना. पण मोजलंत कशाला?"

दुपारी त्याच्या जुन्या वह्या काढून पाहिल्या. नऊ वर्षांत परतीचा एकही आकडा जातानाच्या आकड्यापासून कडीभरापेक्षा जास्त हललेला नाही. इतका आळशी माणूस सरकारी खुर्चीत नऊ वर्षं बसू शकतो, तर शहराची ही अवस्था झाली यात नवल काय?

या शहराबद्दल मला पहिल्यापासून फारसा आदर नव्हता. आता उरलासुरलाही गेला. पाण्याच्या टाकीचा जिना चढताना तेरा पायऱ्यांचा आहे, उतरताना अकरा. कोणी पडत नाही, सगळे सवयीने पाय टाकतात. कापडबाजाराच्या चौकात पाच रस्ते मिळतात आणि निघतात चार. पोस्टमन काही गल्ल्यांत वरूनच शिरतो, का, असं विचारलं तर म्हणतो, "तिकडून पत्ते सापडतात." कोणाला विचारा, एकच उत्तर मिळतं की पहिल्यापासून असंच आहे. फार खोदलं तर आवाज खाली आणून सांगतात, शहराला शाप आहे. कोणाचा, कशाबद्दल, हे दोन माणसं एकसारखं सांगत नाहीत. शाप म्हटलं की सोय होते. शापाविरुद्ध अर्ज करावा लागत नाही.

मी दुरुस्तीचा अर्ज करणार आहे. खोटी सही माझ्या नावावर राहणार नाही.

शुक्रवार, ८

घडलं तसं लिहिते, क्रम न चुकवता.

सकाळी अकराला दुरुस्तीची चिठ्ठी साहेबांच्या टेबलावर ठेवली. शिंपीगल्ली, जाताना २१२, येताना १९८, आधीची नोंद माझ्या हयगयीमुळे चुकली. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, "सोमवारचं मी पास केलं होतं की."

"ते खोटं होतं, साहेब."

"खोटं मलाही दिसत होतं. तुम्ही नवीन आहात म्हणून बोललो नाही. ही चिठ्ठी परत घेऊन जा आणि जेवणानंतर या."

मी चिठ्ठी परत घेतली नाही. जेवणानंतर त्यांनी पुन्हा विचारलं, परत घेता का. मी म्हटलं, नाही. तेव्हा ते म्हणाले, "एका कडीपर्यंतचा फरक हाताचा धरतात. त्यावरचा जमिनीचा. जमिनीचा फरक एकदा माझ्यासमोर आला की मला आकडा ठरवावा लागतो." आणि त्यांनी सरासरी काढली. २०५. मला मनातून किळस आली. गल्ली एकतर २१२ असेल नाहीतर १९८. २०५ कुठल्याच बाजूने नाही. पण भांडण नको, वाद नको, दोन आकडे आले की मधला धरायचा, अशा माणसाला इथे साहेब करतात.

ते सही करायला बसले तेव्हा शिंपीमास्तर माझ्या टेबलापुढे खुर्चीत बसले होते. माझा ब्लाउज घेऊन आले होते. लहानपणापासून माझे कपडे तेच शिवतात. त्यांनी पुडकं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "बाही एक बोट सैल ठेवलीय. साखळ्या ओढतेस, दंड भरणार आता तुझे. आणि परवा माझ्या उंबऱ्यावरून तीनदा काय गेलीस गं? एकदा तरी आत येऊन चहा"

इथे मी वाक्य अर्धवट सोडलेलं नाही. त्यांनी सोडलं. खुर्ची रिकामी होती. तोंड उघडं, हात वर, डोळ्यांत हसू, आणि मग खुर्चीची वेताची बैठक. मी साहेबांकडे पाहिलं. ते सहीवर टीपकागद दाबत होते.

होयबा उठला, खुर्ची उचलून भिंतीशी जागेवर लावली.

"मास्तर कुठे गेले?" मी विचारलं.

"कोण मास्तर?"

"शिंपीगल्लीतले शिंपी."

"शिंपीगल्लीत शिंपी कुठे आहे, ताई? नाव आहे तसं. घोडेगल्लीत काय घोडे आहेत?" हे बोलताना तो खुर्चीचा पाय सारखा करत होता. खुर्ची सरळच होती. वर पाहायचीही हिंमत नाही त्याच्यात.

पुडकं सोडलं. आत मी महिन्यापूर्वी दिलेलं कापड होतं, घडी न मोडलेलं, न कापलेलं.

सोमवार, ११

दोन दिवस लिहिलं नाही. शनिवारी तापासारखं वाटत होतं. ताप नव्हता, तीन वेळा पाहिला.

काल आत्याकडे गेले, वरून. कुलूपवाल्यानंतर आता थेट आत्याचं दार आहे. जाताना मोजलं, २०५. कार्यालयाने कागदावर लिहिलं ते जमिनीने निमूट ऐकलं. या शहरात माणसांना कणा नाही, तसा जमिनीलाही नाही.

आत्या शेंगा सोलत बसली होती. म्हणाली, "मास्तर गेला ना?"

म्हणजे तिला आठवत होतं. मी विचारलं, इतर कोणालाच कसं आठवत नाही. ती म्हणाली, "ज्याने तो रस्ता साखळीने मोजलाय तो विसरत नाही. बाकीच्यांची सुटका होते."

मग तिने कपाटातून तिच्या मोजणीवह्या काढल्या. ज्यांवरून मला शिकवायची त्या नव्हेत. दुसऱ्या, कापडात बांधलेल्या. शिंपीगल्लीची सव्वीस वर्षांची मोजणी. जाताना २१२. येताना २११, २१२, २११. मी पानं उलटत गेले. एकही १९८ नाही.

"तू परत मोजलंच नाहीस," मी म्हटलं.

"एकदा मोजलं. पहिल्या वर्षी, दुसऱ्या एका गल्लीत. तिथे वरच्या अंगाला एक कासार राहायचा, त्याची बायको, दोन मुली. माझ्या आकड्याने गेले. तेव्हाच्या साहेबाने सरासरीही काढली नव्हती. नियमात कमी आकडा धरायचीही सोय आहे, त्याने तो धरला. मग मी परत मोजायचं बंद केलं."

"आणि मला शिकवलंस, गेलीस तशी परत ये, मग लिही."

"तुला मोजणी शिकवली. नोकरी कर असं मी म्हटलं नव्हतं. अर्ज तू मला न विचारता केलास."

मला तिचा इतका राग आला की शेंगांचं सूप बाजूला ढकललं. सव्वीस वर्षं खोट्या सह्या. तिच्यात आणि होयबात फरक काय? तो आळसाने खोटं लिहितो, ती मायेने लिहिते, रकाना दोघांचाही खोटाच. मी तिला तसं म्हटलं. ती म्हणाली, "तुझ्या साहेबाला नावं ठेवू नकोस. कमी आकडा धरला असता तर आज मीपण नसते. त्याने निम्मं वाचवलं."

निम्मं वाचवणाऱ्याचे आभार मानायची माझी तयारी नाही.

निघताना तिने विचारलं, "खोलीचा पत्ता कार्यालयात नोंदवलास ना? इथला खोडलास ना?" तीन महिन्यांपूर्वी, नोकरी लागली त्याच आठवड्यात, तिने मला घराबाहेर काढलं होतं. कार्यालयाजवळ खोली घे, पत्ता बदलून घे, असा धोशा लावला होता. मला तेव्हा वाटलं होतं की मी तिला जड झाले. आजही विचारते म्हणजे अजून तेच. हो म्हटलं आणि निघाले.

बुधवार, १३

साहेबांचा लेखी आदेश आला. शिंपीगल्ली, ठरलेला आकडा २०५, जमिनीवर पडताळून पाहावा. येताना अजून १९८ येत असेल तर पुन्हा सरासरी. जाणं आणि येणं जुळेपर्यंत हेच. मोजणीदार मी, साखळीला होयबा. तारीख गुरुवार, २१.

हिशेब सोपा आहे, आत्याच्या पाटीवर मी असे शेकडो केलेत. २०५ आणि १९८ यांचा मध्य दोनशे एक आणि अर्धी कडी. अर्धी कडी धरत नाहीत. २०१. म्हणजे सातांतल्या चार कड्या जातील. आत्याचं घर सात कड्यांचं आहे, दार वरच्या अंगाला, तिसऱ्या कडीवर. नोंद दाराची असते. दार गेलं की घर गेलं, आणि घर गेलं की ती कुठेही असली तरी गेली. मास्तर तर माझ्यासमोर खुर्चीत बसले होते.

तिचा पत्ता बदलता येईल का, हे पाहिलं. येत नाही. नियमाप्रमाणे वादातल्या रस्त्यावरच्या घरातल्या माणसाची नोंद मोजणी संपेपर्यंत हलवत नाहीत. तिने मला तीन महिन्यांपूर्वी, वाद उठायच्या आधी हलवलं.

 सोमवारच्या पानावर शेवटी लिहिलेलं, की मी तिला जड झाले, ते चूक आहे. ते तसंच ठेवते, पण चूक आहे.

शनिवार, १६

साहेबांना भेटले. म्हटलं, पडताळणी रद्द करा.

"कोणत्या कारणाने?"

"तिथे माझी आत्या राहते."

"मला माहीत आहे. मी तिच्या हाताखाली शिकलो." त्यांनी पुन्हा चष्मा पुसला. या माणसाचा चष्मा कधीच स्वच्छ होत नाही. "मी तुम्हाला चिठ्ठी परत घ्या म्हटलं होतं. एकदा नाही, दोनदा."

"मला कारण सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं तर तुम्ही तेही लिहून काढलं असतं, तारीख घालून."

आणि मी लिहून काढलंच, वर तारीख आहे. 

मी विचारलं, पडताळणीत फरक सापडला नाही तर. ते म्हणाले, "तर प्रकरण बंद. पण या खेपेला वह्या वरच्या कार्यालयात जातात. तिथले लोक मूर्ख असले तरी दोन सारखे आकडे ओळखू न येण्याइतके नाहीत. बघा बुवा." आणि मला जायची खूण केली. मदत करतानाही हा माणूस अर्ध्यावर थांबतो.

सोमवार, १८

शेवटी होयबाकडे जावं लागलं. मला याची लाज वाटते, म्हणून सविस्तर लिहिते.

त्याने घरी बोलावलं. पत्ता दिला आणि म्हणाला, "नदीकडून येऊ नका हं ताई, शाळेकडून या." मी शाळेकडून गेले. दोन खोल्या, दोरीवर वाळत घातलेले कपडे, त्याची बायको, सासू आणि पलंगावर पाय पसरून गृहपाठ करणारी मुलगी. बायको म्हणाली, "याच का त्या चप्पलवाल्या?" म्हणजे घरात माझी चर्चा झालेली आहे.

मी त्याला विचारलं, "मास्तर आठवतात ना तुम्हाला?"

"माझ्या लग्नाचा कोट त्यांनीच शिवलाय," तो म्हणाला. "होता. आता खुंटीला नुसतं कापड आहे."

"मग तुम्ही मला कोण मास्तर म्हणालात."

"साहेबांची सही ओली होती, ताई. मी नाव घेतलं असतं तर तुम्ही तिथेच दुसरी चिठ्ठी लिहायला बसला असतात."

नऊ वर्षं या माणसाला सगळं कार्यालय आळशी म्हणत आलं, मीही म्हटलं. तो ते म्हणू देतो. माझ्या मनातला तुच्छभाव एका संध्याकाळीत जात नाही. त्याच्या ढेकर देण्याच्या सवयीबद्दल तर अजिबात गेला नाही. पण शाळेकडून या, असं तो का म्हणाला, हे त्याच्या मुलीच्या वहीकडे पाहताना कळलं. नदीकडून येताना हे घर नसणार.

मग त्याने शिकवलं. हे मी आत्याकडून शिकले नव्हते.

"त्या पहिल्या सोमवारी तुमची चूक काय झाली सांगू? आकडा तंतोतंत सारखा लिहिलात. खरी मोजणी कधी तंतोतंत जुळत नसते. एक कडी कमी लिहायची. हाताचा फरक म्हणून सोडून देतात, सरासरी लागत नाही."

"जाताना दोनशे पाच, येताना दोनशे चार."

"बरोबर. आणि लगेच लिहायचं नाही. खालच्या टोकाला थोडं रेंगाळायचं. भांडीवाल्याकडे पाणी मागायचं. पेन्सिलीला टोक करायचं. मग लिहायचं, जरा वाकडं."

"वाकडं कशाला?"

"चालत आलेल्या माणसाचं अक्षर असतं ते."

त्याची बायको म्हणाली, "हे सगळं करतील या? तोंडावरून नाही वाटत." होयबा म्हणाला, "करतील." नेहमीसारखाच होय म्हणाला, पण या वेळी विचार करून.

मंगळवार, १९

आत्याकडे जाऊन आले. तिला सांगितलं, काय लिहिणार आहे ते. ती खूश होईल असं वाटलं होतं. तिने विचारलं, "आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षीही."

"सव्वीस वर्षं लागली मला. तुला जास्त लागतील, तू तरुण आहेस. आणि दर वर्षी तुला उलटं वाटेल, की एकदा खरं मोजून बघावं. तू तशीच आहेस. सहा वर्षांची असताना चुलीवरचं दूध उतू गेलं ते दुपारी कबूल केलंस, आणि संध्याकाळी येऊन सांगितलंस की ते कबूल करायला उशीर झाला."

मी म्हटलं, मास्तरांना परत आणता येईल का, मोठा आकडा लिहून. ती म्हणाली, "कासारासाठी मी ते करून पाहिलं होतं. घर आलं. घरात माणसं नव्हती. दारं आतून बंद होती आणि आत कोणी तरी भांडी घासत होतं. पुढच्या वर्षी मीच ते खोडलं." 

तर आता माझी जागा मला माहीत झाली. हे शहर खोटारड्यांच्या जिवावर उभं आहे, आणि ते सगळे कंटाळलेले, ढेकर देणारे, चष्मे पुसणारे लोक आहेत. त्यांना कोणी मान देत नाही, मीही दिला नाही. एकच माणूस त्यांच्यात खरं बोलला, आणि शिंपीमास्तर चहाचं विचारता विचारता गेले. ज्या तुच्छतेने मी तीन महिने सगळ्यांकडे पाहिलं, ती आता घरी परत आली आहे, आणि तिला उतरायला दुसरीकडे जागा नाही.

भीती साहेबांची नाही, वरच्या कार्यालयाचीही नाही. भीती माझ्या पायांची आहे. खालच्या टोकाला साखळी हातात असेल, परतीची गल्ली समोर असेल, आणि माझे पाय मला न विचारता मोजायला लागतील. म्हणून होयबाला सांगून ठेवलं आहे की भांडीवाल्याच्या दारात साखळी माझ्या हातून काढून घ्यायची आणि गुंडाळून पिशवीत टाकायची, मी काहीही म्हटलं तरी. तो "हो" म्हणाला.

ही नोंद आगाऊ करते, म्हणजे या वहीत तरी खोटं राहणार नाही. जाताना मोजणार आहे. येताना मोजणार नाही. परतीच्या रकान्यात २०४ लिहिणार आहे, जरा वाकडं, आणि खाली माझी सही. गुरुवार, २१ तारीख, सकाळी साडेदहा.